माझा पगार, माझं म्हातारपण: फंड कापायचा की नाही हे ठरवणार कोण?

टॉवेलवाला | रवि, १२ जानेवारी २०२५, रात्री ९:४०

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी आठ मागांवर सुरू केला, आज चोवीस आहेत. काल शनिवार, पगाराचा दिवस. पाकिटं वाटताना आमचे सगळ्यात जुने कामगार पुढे आले. सगळे त्यांना मामाच म्हणतात. म्हणाले, "शेठ, फंड कापणार म्हणं आता. मला नको. जे काय हाय ते हातात द्या, मी माझं बघतो."

झालं असं की दिवाळीनंतर दोन माणसं वाढली आणि हजेरीपटावर एकवीस नावं झाली. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागू, कायदा १९५२ चा. मामांना महिन्याला साधारण १३,००० पडतात. १२ टक्क्यांनी १,५६० कापले जाणार. "पंधराशे म्हणजे नातवाची शाळेची फी की ओ," हे त्यांचं वाक्य.

तिथं मी "कायदा आहे मामा" म्हणून विषय संपवला. रात्री मात्र झोप लागेना, कारण मला त्यांचं पटत होतं. माणूस ५१ वर्षांचा. दारू नाही, पत्ते नाहीत. विडी घरकुल वसाहतीत घर केलं, दोन मुलींची लग्नं केली, कुणाचं एक रुपया देणं नाही. असा माणूस स्वतःचा पैसा कुठं ठेवायचा हे ठरवू शकत नाही, हे दिल्लीत बसून कुणी ठरवलं? मामांच्या मतावर आमदार निवडून आलेला चालतो, पण मामांना पंधराशे रुपयांचं कळत नाही असं सरकारचं म्हणणं!

त्याहून राग आला तो सीएने सांगितलेल्या नियमाचा. नोकरीला लागताना ज्याचा पगार १५,००० च्या वर आहे आणि जो आधी कधी फंडाचा सभासद नव्हता, त्याला 'नको' म्हणता येतं. म्हणजे उद्या मी ३०,००० वर मॅनेजर ठेवला तर त्याला त्याची मर्जी. १३,००० वाल्या मामांना सक्ती.

माझं मत: निवृत्तीची सोय ही माणसाची स्वतःची जबाबदारी. सरकारने फार तर चांगल्या योजना मांडून ठेवाव्यात, कुणाच्या पाकिटात हात घालू नये. बोला.

---

कडक_भाकरी | रवि, रात्री ९:५२

शेठ, सरळ सांगा की, मामांच्या १२ टक्क्यांबरोबर तुमचेही १२ टक्के जाणार म्हणून झोप उडाली :)

---

टॉवेलवाला | रवि, रात्री १०:०५

@कडक_भाकरी होय बे, ते पण आहे. एकवीस माणसांचे वर्षाला चार लाखांच्या घरात जातात. सुताचे भाव बघता ते थोडे नाहीत. पण माझा स्वार्थ आहे म्हणून मामांचा प्रश्न खोटा ठरत नाही.

---

अकाउंट्सची_बाई | रवि, रात्री १०:३०

धागाकर्ते, आधी हिशेब नीट मांडू, मग स्वातंत्र्यावर बोलू. मी अठरा वर्षं हेच काम करते.

मामांचे १२ टक्के पूर्ण त्यांच्या फंडात जातात, त्यावर व्याज मिळतं (२०२३-२४ साठी ८.२५ टक्के). तुमच्या १२ पैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये, उरलेले ३.६७ फंडात. फंड हा मामांचा स्वतःचा गल्ला. पेन्शनचा भाग हा सगळ्यांचा एक हौद. त्यातून किती मिळणार हे सूत्र ठरवतं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० आहे, त्यावर कितीही मिळवलंत तरी सूत्राला दिसत नाही.

आता मामांपुरती अडचण. वय ५१. पेन्शनचं वय ५८. हातात सातच वर्षं. महिन्याची पेन्शन लागायला किमान दहा वर्षं नोकरी लागते. म्हणजे त्यांना पेन्शन नाही, त्या हौदातली जमा एकरकमी मिळेल. तुमच्या मामांना उपजतच कळलंय असं म्हणा हवं तर.

पण एक विचारा त्यांना. तुमच्याकडे येण्याआधी कुठं फंड कापला जात होता का? जुनी वर्षं जोडता येतात.

---

हुरडा_पार्टी | रवि, रात्री १०:४१

आज १२ जानेवारी. १९३१ साली याच दिवशी येरवड्यात आपल्या सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. ज्या गावाने मे १९३० मध्ये इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला, त्या गावात आज स्वातंत्र्यावर चर्चा कशावरून, तर फंडाच्या कपातीवरून!

---

कडक_भाकरी | रवि, रात्री १०:४४

हुतात्म्यांना फंडात ओढू नका राव. उद्या सिद्धेश्वराच्या तैलाभिषेकालाही जीएसटी लावाल.

---

पूर्वभागचा | रवि, रात्री ११:५५

एरवी नुसता वाचतो, आज लिहितो.

माझ्या आईने एकतीस वर्षं विड्या वळल्या. १९८६ ते २०१७. मांडीवर सूप, बाजूला पाण्यात भिजवलेला तेंदूपत्ता, दिवसाला हजार विड्या, त्यातल्या छाटात (खराब म्हणून बाद) गेलेल्या वेगळ्या. घरी वळायच्या असल्या तरी विडी कामगारांना फंड लागू आहे. आमच्याकडे कपात १२ नाही, १० टक्के. मालकाच्या १० मधले ८.३३ पेन्शनला गेले की फंडात उरतं १.६७. म्हणजे विडीवाल्या बाईच्या नावावर मालकाचं म्हणून जे पडतं ते जवळजवळ सगळं त्या हौदातच.

तेव्हा आईला विचारलं असतं तर तीही मामांसारखंच म्हणाली असती. म्हणालीच असेल. दर आठवड्याला पैसे कमी पडायचे. अण्णा (माझे वडील) मागावर, त्यांचं काम सहा महिने चालू, सहा महिने बंद. हातात आलेला प्रत्येक रुपया कुठं ना कुठं गेला असता. उधळपट्टीत नव्हे, दवाखान्यात, मावशीच्या लग्नात, आमच्या वह्यापुस्तकांत. चांगल्याच कामाला गेला असता, आणि आज हातात काही नसतं.

आज तिला महिन्याला १,३०० च्या आसपास पेन्शन येते. हसू नका. २०१७ ला लागली तेवढीच आजही आहे, महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन १,००० ची, ती सप्टेंबर २०१४ पासून तशीच. त्या वेळी शेंगदाणे काय भाव होते आणि आज काय आहेत, ते शेंगाचटणी करणाऱ्याला विचारा. ती सुरू करायलाही आम्ही वर्षभर खेटे घातले, कारण कारखान्याच्या मुनीमाने जुन्या कार्डावर आमचं तेलुगू आडनाव ऐकू आलं तसं लिहिलं होतं आणि आधारवर दुसरंच होतं.

तरीही मी सक्तीच्या बाजूने आहे. मी आईला महिन्याला तीन हजार देतो. ते घेताना ती आधी सुनेच्या तोंडाकडे बघते. माझी बायको काही बोलत नाही, कधी बोलली नाही, तरी आई बघते. ते १,३०० आणायला मात्र ती एकटी बँकेत जाते. येताना नातीला काहीतरी घेऊन येते, त्याचा हिशेब कुणाला देत नाही. पंचाहत्तरीच्या शेजारणीबरोबर रिक्षा करून रूपाभवानीला जाऊन येते.

टॉवेलवाला शेठ, तुम्ही स्वातंत्र्य म्हणताय ते एक्कावन्नाव्या वर्षाचं. आमच्या घरात स्वातंत्र्य अडुसष्टाव्या वर्षी आलं, तेराशे रुपयांचं.

---

हुरडा_पार्टी | सोम, १३ जानेवारी, सकाळी ७:१५

+१. सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी काढलंत.

---

चक्रवाढ | सोम, सकाळी ९:२०

भावना समजल्या. आता गणित.

१५,००० च्या मर्यादेवर मालक पेन्शनच्या हौदात महिन्याला १,२५० टाकतो. पस्तीस वर्षं टाकले. हेच १,२५० त्या माणसाच्या स्वतःच्या खात्यात ८ टक्क्यांनी वाढले असते तर पस्तीस वर्षांनी साधारण साडेअठ्ठावीस लाख होतात. त्यावर ६ टक्के व्याज घेतलं तरी महिन्याला चौदा हजारांच्या पुढे, आणि मुद्दल पोराबाळांना शिल्लक. पेन्शनच्या सूत्राने काय मिळतं? पस्तीस वर्षं, वर वीस वर्षांपुढच्या नोकरीची दोन वर्षं बोनस, म्हणजे १५,००० × ३७ ÷ ७० = ७,९२८. निम्म्याच्या आसपास. मुद्दल हौदाचं.

सरकारच्या अटल पेन्शन योजनेचंही तेच. अठराव्या वर्षी महिना २१० रुपयांनी सुरू करा, साठीला ५,००० मिळतील. बेचाळीस वर्षांनी! ६ टक्के महागाई धरली तर ते आजचे साडेचारशेसुद्धा नाहीत. साडेचारशेत काय येतं आज?

धागाकर्त्याचा मुद्दा बरोबर आहे. सक्ती करायची ती करा, पण निदान खातं माणसाच्या नावावर ठेवा.

---

अकाउंट्सची_बाई | सोम, सकाळी १०:०५

@चक्रवाढ गणित बरोबर, माणूस चुकीचा. पस्तीस वर्षं एकाच जागी १५,००० वर, मध्ये खंड नाही, एकदाही पैसे काढले नाहीत, असा कामगार सोलापुरात दाखवा, मी त्याचा सत्कार ठेवते. आणि हौदातून बायकोची पेन्शन निघते हे तुम्ही धरलंच नाही. पस्तिशीत माणूस गेला तर तुमच्या खात्यात चार पैसे असतील. योजनेत विधवेला आयुष्यभर (पुन्हा लग्न केलं तर तोवर) पेन्शन, वर दोन मुलांना पंचविशीपर्यंत प्रत्येकी त्याच्या पाव. ह्याला विमा म्हणतात, गुंतवणूक नव्हे. एका तागडीत दोन्ही तोलू नका.

---

सातरस्ता | सोम, दुपारी १:१०

स्वतःच्या जबाबदारीवर आमच्या घरची गोष्ट, थोडक्यात. वडील गिरणीत होते. सोलापूरची पहिली गिरणी १८७७ सालची. आमच्या लहानपणी पाळीच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावायचे. गिरण्या बंद पडल्या, वडिलांना फंडाचे काही पैसे मिळाले. वडील हिशेबी माणूस, वहीत दुधाचा रतीब लिहायचे. पैसे त्यांनी स्वतः ठरवून, स्वतंत्रपणे, पूर्ण जबाबदारीने एका पतसंस्थेत ठेवले. दीड टक्का व्याज जास्त होतं आणि चेअरमन ओळखीचे होते.

पतसंस्था बुडाली. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण इथल्या निम्म्या लोकांच्या घरात एक तरी अशी पावती ट्रंकेत पडून असेल.

---

टॉवेलवाला | सोम, दुपारी ३:३०

@सातरस्ता वाईट वाटलं. पण सरकारचा हौद म्हणजे मोठी पतसंस्था नव्हे, हे कशावरून? तिथला चेअरमन तर ओळखीचाही नाही.

@पूर्वभागचा तुमचं पुन्हा पुन्हा वाचतोय. उत्तर सुचलं की लिहितो.

---

खडू_फळा | सोम, सायंकाळी ५:४५

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, २००८ ची नेमणूक. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना राज्याने जुनी पेन्शन बंद केली. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी २००४ चे, त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. मला बाजाराच्या भरवशावर एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), त्यातल्या किमान ४० टक्क्यांची सक्तीने ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून विकत घ्यायची पेन्शन. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आम्ही संपावर गेलो तेव्हा ह्याच फोरमवर शिव्या खाल्ल्या. आता केंद्राची यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) १ एप्रिल २०२५ पासून येते आहे. पंचवीस वर्षांच्या नोकरीला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी. राज्याच्या मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली आहे. म्हणजे वीस वर्षं 'स्वतःचं स्वतः बघा' सांगून सरकारलाच ते झेपलं नाही. माजी आमदाराला एका टर्मवर पेन्शन, त्याच्या वैयक्तिक जबाबदारीवर एक धागा होऊ द्या.

---

चक्रवाढ | सोम, सायंकाळी ६:०२

गुरुजी, तुमची निम्म्या पगाराची पेन्शन ज्या करातून येणार, त्यात मामांनी घेतलेल्या साबणाचाही कर आहे. आणि मामांना स्वतःला पेन्शन शून्य. ह्याला काय म्हणायचं?

---

खडू_फळा | सोम, सायंकाळी ६:२०

मामांनाही द्या म्हणायचं. माझी काढून घ्या असं का सुचतं तुम्हाला?

---

संपादक | सोम, सायंकाळी ६:३१

पक्षांची नावं आणि 'तुम्ही शिक्षक करता काय' छापाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता पडल्या, तीळगूळ उद्या आहे, तोवर तरी गोड बोला.

---

डॅलसरिटर्न | मंगळ, १४ जानेवारी, पहाटे १:१५

हा वाद अमेरिकेत नव्वद वर्षं चालू आहे, म्हणून थोडी भर. मूळचा साखर पेठेतला, सहा वर्षं टेक्सासमध्ये होतो.

तिथे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १४ ऑगस्ट १९३५ ला सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथल्या सक्तीच्या पेन्शनच्या, कायद्यावर सही केली. आज कामगाराचे ६.२ टक्के, मालकाचे ६.२. माझेही गेले. मिळायला दहा वर्षांचं काम भरावं लागतं, आणि भारत-अमेरिकेत ह्याबाबत करार नाही, त्यामुळे सहा वर्षांत परत येणाऱ्याच्या हाती काही नाही. माहीत असून गेलो होतो, तक्रार नाही. पण 'माझे पैसे' हा शब्द तेव्हापासून जपून वापरतो.

हा शब्द तिथल्या सुप्रीम कोर्टानेच निकाली काढलाय. एफ्राम नेस्टर नावाचा बल्गेरियातून आलेला माणूस. एकोणीस वर्षं त्याची कपात झाली. तीसच्या दशकात तो कम्युनिस्ट पक्षात होता, म्हणून १९५६ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं आणि पेन्शन थांबवली. तो म्हणाला, पैसे माझे आहेत. १९६० मध्ये कोर्ट म्हणालं, कपात भरल्याने मालमत्तेसारखा हक्क तयार होत नाही, कायदा बदलण्याचा अधिकार संसदेकडे आहे. हे वाचल्यावर मी टॉवेलवाल्यांच्या बाजूला एक पाऊल सरकलो.

उलटं उदाहरण आयडा मे फुलर. महिन्याची पेन्शन घेणारी पहिली बाई, जानेवारी १९४०, पहिला चेक २२.५४ डॉलरचा. तिने एकूण भरले २४.७५ डॉलर, शंभरी गाठली आणि मिळाले २२,८८८.९२. सुरुवातीच्यांना हौद भरभरून देतो, शेवटच्यांचं बघायचं.

आमिश नावाच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना मात्र १९६५ पासून सूट आहे. कारण त्यांचा समाज आपली म्हातारी माणसं स्वतः सांभाळतो. म्हणजे सरकारलाही बाहेर पडायचा दरवाजा ठेवता येतो, फक्त पलीकडे कुणीतरी धरायला उभं हवं.

एक गोष्ट सोलापूरला घ्यायला हरकत नाही: तिथली पेन्शन १९७५ पासून महागाईबरोबर आपोआप वाढते.

---

चिंचोळी_गल्ली | मंगळ, सकाळी ११:४०

'सगळं स्वतःच्या खात्यात' चिलीने १९८१ मध्ये करून पाहिलं. पगाराच्या १० टक्के, खासगी कंपन्यांकडे. गंमत म्हणजे लष्करी राजवटीने ती योजना नव्याने नोकरीला लागणाऱ्यांवर लादली आणि सैन्याला त्यातून वगळलं. २०१६ मध्ये तुटपुंज्या पेन्शनवरून लाखो लोक रस्त्यावर आले. कोरोनात तिथल्या संसदेने तीनदा पैसे काढू दिले, अनेकांची खाती रिकामी झाली.

आणि @चक्रवाढ, तेही सक्तीचंच होतं.

---

तहसीलची_रांग | मंगळ, दुपारी २:२०

ज्यांच्याकडे फंडही नाही, खातंही नाही, त्यांची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्यांना महिना १,५०० मिळतात. उत्पन्नाची अट वर्षाला २१,०००. महिन्याला १,७५०! एवढ्यात जगणारा माणूस दाखला काढायच्या रांगेपर्यंत पोचतो कसा, हेच आश्चर्य. म्हणजे आयुष्यभर कुणी थोडंफार साठवलं, तर म्हातारपणी तो अटीतून बाद.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदाही आहे. पोरं बघत नसतील तर प्राधिकरणाकडे जा, महिना १०,००० पर्यंत निर्वाह मिळू शकतो. किती आया पोराविरुद्ध अर्ज करतात? मी रांगेत एकच पाहिली. तिने अर्ज भरला, पदरात घडी घातला आणि परत नेला.

---

टॉवेलवाला | बुध, १५ जानेवारी, रात्री १०:५०

उशीर झाला, काल कारखाना बंद होता, आज गड्ड्याच्या जत्रेत मुलीला घेऊन गेलो होतो.

@पूर्वभागचा, उत्तर सुचलेलं नाही. सक्ती चुकीची आहे असं मला अजून वाटतं. पण सक्ती उठली तर सगळ्यात आधी मी माझे १२ टक्के थांबवीन, हे मला माहीत आहे, आणि 'मामांच्या हातात द्या' म्हणताना मी फक्त त्यांचेच १२ मोजत होतो. कडक_भाकरीने पहिल्या बारा मिनिटांत पकडलं ते.

आज मामांना चहाला बसवलं. पंधरा हजारांचा नियम सांगितला. ते म्हणाले, "मग शेठ, वर दाखवा की पंधराच्या." हसलो दोघंही. मग बाईंनी सांगितलं होतं ते विचारलं. मामा म्हणाले, लग्नाआधी भिवंडीला होतो, चार वर्षं, आणि मग इथंच एका मोठ्या कारखान्यात सहा वर्षं, तिथं कापायचे कायतरी. म्हणजे ते आधीच सभासद, 'नको' म्हणायचा प्रश्नच उरला नाही. आणि बाई, ती वर्षं जुळली तर दहा होतात, म्हणजे महिन्याची पेन्शन लागते, बरोबर ना?

मामा घरी जाऊन पत्र्याच्या डब्यातून एक चिठ्ठी घेऊन आले. सोलापूरच्या त्या कारखान्याचा फंडाचा नंबर आहे त्यावर, शेवटचे दोन आकडे पुसट. भिवंडीचं काहीच नाही. ऑनलाइन बघायला गेलो तर ओटीपी ज्या मोबाइलवर जातोय तो नंबर त्यांच्या थोरल्या जावयाचा होता, आणि तो चार वर्षांपूर्वीच बंद झालाय.

---

अकाउंट्सची_बाई | बुध, रात्री ११:०८

बरोबर. पण त्यांनी तेव्हा पैसे काढून घेतले होते का, ते आधी विचारा. पेन्शनचा हिस्सा काढला असेल तर ती वर्षं गेली. नसतील काढले तर चिठ्ठीचा फोटो, नंबर झाकून, मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. मामांचं आधारवर नाव कसं आहे तेही बघून ठेवा, आडनाव अक्षर न् अक्षर.